साठ चौकोनांची गोधडी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बंगळुरूच्या सर्जापूर रोड परिसरातील माजी विद्यार्थी आणि पालक यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या प्रसंगी हिऱ्याचे गुणगान अपेक्षित असते. या व्याख्यानाचा विषय मात्र चिंधी हा आहे. साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या मराठी शाळेच्या समारंभात चिंधीला स्थान मिळावे, याला कारण आहे. ज्या घरांतून या शाळेत मुले आली त्या बहुतेक घरांत हिरा नव्हता, पण गोधडी होती. परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठून पाठांतर करणाऱ्या मुलांच्या पायांवर तीच असे, आणि शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पहिल्यांदा घर सोडताना वळकटीत तीच बांधलेली असे. आज त्यांतील कितीतरी जण सर्जापूर रोडवरच्या उंच इमारतींत राहतात. गोधडी मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या घरी पोहोचली. ती वाटेत कोठे राहिली, आणि ती पुन्हा शिवायला घ्यायची झाली तर कोणी, कशी आणि कोणत्या अटींवर, एवढाच या व्याख्यानाचा विचार आहे.

प्रथम वस्तूची ओळख. महाराष्ट्रात तिला कोठे गोधडी म्हणतात, कोठे वाकळ. तान्ह्या बाळाची लहान असेल तर दुपटे. संस्कृतात ठिगळांच्या वस्त्राला कंथा हा शब्द आहे आणि बंगालमधील कांथा प्रसिद्धच आहे. बिहारात मुझफ्फरपूरच्या भुसुरा परिसरातील स्त्रिया सुजनी शिवतात. उत्तर कर्नाटकात हीच वस्तू कौदी या नावाने घरोघरी आढळते. नावे वेगळी असली तरी रीत एक. वापरून मऊ झालेले सुती कापड थरांवर थर अंथरायचे, फाटक्या जागी ठिगळ बसवायचे, वरचा थर आणि अस्तर यांच्या कडा दुमडून घ्यायच्या आणि साध्या धावदोऱ्याने सगळे थर एकमेकांना बांधून टाकायचे. यात भरतकामाची नजाकत नसली तरी शिस्त आहे. टाक्यांच्या ओळी कडेने सुरू होतात, चारी बाजूंना फिरत आत सरकतात आणि मध्यभागी येऊन संपतात. थर सरकू नयेत, कापडाला फुगा येऊ नये, यासाठी अनुभवी हाताचा अंदाज लागतो.

या वस्तूमागील श्रम किती, हे सहसा मोजले जात नाही. साडेचार फूट रुंद आणि साडेसात फूट लांब अशी एका माणसाची गोधडी घेऊ. हिशेबाच्या सोयीसाठी टाक्यांच्या ओळी सरळ आणि एकेक इंचाच्या अंतरावर धरल्या, तर चोपन्न इंच रुंदीत त्रेपन्न ओळी येतात. प्रत्येक ओळ नव्वद इंचांची. सगळ्या ओळींची लांबी होते ४,७७० इंच, म्हणजे सुमारे १२१ मीटर. इंचाला तीन टाके धरले तर टाके होतात १४,३१०. चार थरांतून सुई काढत मिनिटाला वीस टाके पडले तरी केवळ टाक्यांना जवळजवळ बारा तास लागतात. कापड धुणे, उसवणे, कापणे, जुळवणे, सुईत दोरा ओवणे आणि दुखऱ्या बोटांना विश्रांती देणे हे त्याशिवाय. घरकाम सांभाळून शिवणाऱ्या बाईच्या हातावर अशी गोधडी सहज आठवडाभर राहते. ‘जुन्या कापडाची तर आहे’ असे म्हणून जिची किंमत केली जाते, तिच्यात कापड जुने असते. श्रम मात्र नवे असतात.

गोधडी मागे पडली याला नावड हे मुख्य कारण नाही. तिचा कच्चा मालच संपला. नऊवारी सुती लुगडे म्हणजे सत्तावीस फूट लांब आणि सुमारे चार फूट रुंद कापड. क्षेत्रफळाच्या हिशेबाने एका लुगड्यात वर सांगितलेल्या मापाचे तीन थर निघत. लुगडी आणि धोतरे गेली, कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. त्या फाटत नाहीत, पण घामही टिपत नाहीत आणि अंगालाही लागत नाहीत. पाठोपाठ पानिपतची स्वस्त ब्लँकेटे आली. जाड गोधडी ओली झाली की एका माणसाला उचलत नाही, आणि ती धुवायला नदीचा काठ किंवा विहिरीजवळचा दगड लागतो. सदनिकेच्या बाल्कनीत ती वाळतही नाही. दारावर येऊन गोधड्या शिवून देणाऱ्या स्त्रियांचे फिरणे त्यामुळे कमी झाले. वस्तू गेली तशी तिच्याबरोबर दाभण, अस्तर, धावदोरा, हातशिलाई, ठिगळ, दुपटे ही शब्दसंपत्तीही मुलांच्या कानांवरून गेली. हे शब्द पाठ्यपुस्तकात घालून टिकत नाहीत. ते काम करताना उच्चारले जातात तेव्हाच टिकतात.

गोधडी एकटीने शिवता येते, परंतु ती बहुधा एकटीने शिवली गेली नाही. दुपारच्या वेळी अंगणात ती अंथरली की शेजारणी चार बाजूंनी बसत आणि चौघींचे टाके मध्यभागी मिळत. पश्चिमेकडे याच कामासाठी नियमबद्ध मंडळे स्थापन झाली. ब्रिटनमधील अशा कारागिरांचा राष्ट्रीय संघ १९७९ साली सुरू झाला. या मंडळांची पद्धत साधी आहे. महिन्यातून एकदा जमायचे, एकीने एक नवा नमुना इतरांना शिकवायचा, प्रत्येकीने ठरलेल्या मापाचा एक चौकोन घरून शिवून आणायचा आणि सर्वांच्या चौकोनांतून एक पांघरूण तयार करायचे. त्यातील काही घरी जातात, तर काही रुग्णालयांतील बालकांना, निराधारांना, आपद्ग्रस्तांना दिली जातात. चौकोनाचे माप एक असल्यामुळे परस्परांना कधीही न भेटलेल्या माणसांचे कामही एकत्र जोडता येते. ही युक्ती किती दूर जाऊ शकते याचे उदाहरण अमेरिकेत घडले. एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या आप्तांनी तीन फूट बाय सहा फूट मापाचा एकेक पट शिवला, आणि ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मैदानावर असे १,९२० पट एकत्र अंथरले गेले. ज्यांची नावे घेण्याची समाजाला लाज वाटत होती, ती नावे सुईदोऱ्याने राजधानीच्या मध्यभागी लिहिली गेली.

परंतु असा संघ ही कल्पना परदेशातून आणावी लागेल असे नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्यात त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन संघांकडे तीन हजार कार्षापण कायमचे ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. पैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज ठरले आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे ठरले. शाळेतील कोणताही विद्यार्थी हा ताळा करून पाहू शकेल: दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा तेही दोनशे चाळीस. हे दान निगमसभेत वाचून दाखवले गेले आणि फलकावर नोंदले गेले, असेही लेख सांगतो.

या नोंदीत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली ही की राजाचा जावई आपला पैसा विश्वासाने कारागिरांच्या हाती सोपवतो; कारागीर येथे दान घेणारे नाहीत, दानाचे विश्वस्त आहेत. दुसरी ही की हिशेब उघड्यावर, सर्वांसमक्ष आहे. ज्यांच्यासाठी ही वस्त्रे होती त्या भिक्षूंची चीवरेही तुकडे जोडूनच शिवलेली असत. मगधातील बांधांनी आखलेल्या भातशेतीसारखी चीवराची रचना असावी, असे बुद्धांनी आनंदाला सुचवल्याची कथा विनयपिटकात आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी पाचशे वस्त्रे दिली तेव्हा एवढ्यांचे काय करणार, असे राजाने आनंदाला विचारले. आनंदाचे उत्तर प्रसिद्ध आहे. ज्या भिक्षूंची चीवरे झिजली आहेत त्यांना ही द्यायची. जुन्या चीवरांची अंथरुणे, जुन्या अंथरुणांच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची जमिनीवरील आच्छादने, त्यांची पायपुसणी आणि शेवटी उरतील त्या चिंध्या कुटून मातीत कालवून लिंपणासाठी वापरायच्या. गोधडी शिवणाऱ्या प्रत्येक घराने हेच शास्त्र पाळले आहे.

तेव्हा संघ जुना, गोधडीही जुनी. प्रश्न आहे तो अशा संघाने कोणासाठी आणि कोणाबरोबर शिवावे हा. या प्रश्नाचे उत्तर दोन ठिकाणच्या अनुभवांत सापडते. एक ठिकाण दूरचे, एक जवळचे.

दूरचे ठिकाण म्हणजे अमेरिकेतील अलाबामा राज्य. १९६६ साली तेथील विल्कॉक्स परगण्यातील कृष्णवर्णीय स्त्रियांनी गोधड्यांची सहकारी संस्था स्थापन केली. मतदार म्हणून नाव नोंदवले, नागरी हक्कांच्या चळवळीत भाग घेतला, म्हणून त्या भागातील कुटुंबांना घर आणि कसायची जमीन गमवावी लागत होती. उत्पन्नाचे स्वतंत्र साधन हवे होते आणि हातात होती ती सुई. त्यांच्या गोधड्या न्यूयॉर्कला विकल्या गेल्या. १९७२ मध्ये सिअर्स या बड्या विक्रेत्या कंपनीचे उशांच्या अभ्य्रांचे काम मिळाले. नियमित मजुरी सुरू झाली, मात्र रचना कंपनीची होती. ठरल्या मापाचे एकसारखे काम करायचे. त्या कामातून उरलेल्या कॉर्डरॉयच्या तुकड्यांतून त्याच परिसरातील जीज बेंड वस्तीतील स्त्रिया रात्री घरी स्वतःच्या मनाच्या गोधड्या शिवत राहिल्या. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्या वस्तीच्या गोधड्या भिंतीवर लागल्या तेव्हा समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली, आणि २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटे निघाली. आयुष्यभर जे काम थंडी निवारण्यापुरते मानले गेले, ते कला म्हणून ओळखले जाण्यास साठ-सत्तर वर्षांचे वय व्हावे लागले.

जवळचे ठिकाण कर्नाटकातच, उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. घरची भाषा कोकणी वळणाची आणि तीत मराठीची सरमिसळ. यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत, आणि तिन्ही धर्मांच्या घरांत स्त्रिया कवंद शिवतात. कवंद म्हणजे गोधडीच. तिची सुरुवात एका कोपऱ्यापासून होते आणि टाके कडेने फिरत मध्याकडे जातात. चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुले’ बसवतात. ती नसतील तर कवंद उघडीबोडकी समजली जाते. कोणाच्या कवंदीत क्रूस असतो, कोणाच्या चंद्रकोर, टाके मात्र सारखेच. अमेरिकेतील कला-इतिहासाचे प्राध्यापक हेन्री ड्रूअल यांच्या साहाय्याने २००४ साली येथील स्त्रियांनी सहकारी गट सुरू केला. घरच्या वापराची कवंद त्यानंतर परदेशांतील प्रदर्शनांत गेली, विकली गेली, आणि तिचे मोल शिवणारीच्या हाती आले.

दोन्ही ठिकाणी मदत करणारी माणसे बाहेरची होती. परंतु त्यांनी पांघरुणे वाटली नाहीत, पांघरुणे शिवणाऱ्या हातांना बाजार आणि नाव मिळवून दिले. भारतात १९९९ पासून काम करणाऱ्या ‘गूंज’ संस्थेने याच दिशेचा नियम घालून घेतला. शहरांतील वापरलेले कपडे ती खेड्यांत नुसते वाटत नाही. गावकऱ्यांनी विहीर, रस्ता, बांध असे आपल्या गावाचे काम करायचे आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे. त्या संस्थेचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हा त्या नियमाचा गाभा आहे.

आता सर्जापूर रोडकडे वळू. या रस्त्याला ज्या गावाचे नाव आहे ते आनेकल तालुक्यातील सर्जापूर जुन्या काळी विणकरांचे गाव होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद सुती कापड, गालिचे आणि फिती यांसाठी आहे, आणि पूर्वी येथे उंची मलमल होत असे, असेही तेथे म्हटले आहे. बंगळुरूशी मराठीचा संबंधही नवा नाही. १६३८ साली हे शहर विजापूरच्या फौजेने घेतले आणि शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले, हे शाळेतच शिकवले जाते. त्याहून कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की या शहरात नामदेव शिंपी आणि भावसार समाजांची घरे आहेत. शिवणकाम आणि रंगकाम हे त्यांचे परंपरागत व्यवसाय आणि घरात मराठी ही त्यांची भाषा. संगणकाच्या नोकरीसाठी मराठी माणूस बंगळुरूला येण्याच्या कितीतरी आधी तो सुई घेऊन येथे आला होता.

आज या रस्त्यावर मोठ्या कंपन्यांची कार्यालये, शाळा, रुग्णालये आणि एकामागून एक उभी राहणारी निवासी संकुले आहेत. त्यांच्या बाजूला पत्र्याच्या शेडी असतात. त्यांत ही संकुले बांधणारी माणसे राहतात. डिसेंबर-जानेवारीत बंगळुरूचे रात्रीचे तापमान पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरते. पक्क्या भिंतीच्या घरात ते सुखद वाटते, पत्र्याखाली जमिनीवर झोपणाऱ्या तान्ह्या मुलाला ते सुखद नसते. सुस्थितीतील संकुलांतून दर हिवाळ्यात ब्लँकेटे वाटली जातात ती याच कारणाने, आणि ते सत्कार्यच आहे. पण शेडीतील माणसे कोठून आलेली असतात? त्यांतील पुष्कळजण कलबुर्गी, यादगीर, रायचूर या जिल्ह्यांतून आलेले असतात. म्हणजे कौदीच्या मुलखातून. ज्या बाईच्या हाती ब्लँकेट ठेवून छायाचित्र काढले जाते, तिच्या आईने आणि आजीने आयुष्यभर कौद्या शिवलेल्या असण्याचा संभव मोठा आहे, आणि त्या शिवण्याचे ज्ञान तिच्या बोटांत असण्याचाही. दिवसभर ती विटा वाहते, कारण त्या कामाला या शहरात मजुरी आहे. कौदीला मजुरी आहे, हे तिला कोणी सांगितलेले नाही.

येथेच या व्याख्यानातील मुख्य मुद्दा येतो. सर्जापूर रोडवरील माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी गोधडीचे मंडळ जरूर सुरू करावे. पण ते केवळ दान देणारे मंडळ असू नये. ते शिकणारे मंडळ असावे, आणि त्याच्या शिक्षिका त्या शेडींतून याव्यात. देणारा वर आणि घेणारा खाली, ही मांडणी गोधडीच्या स्वभावाशी जुळत नाही. ती अंथरली की सर्वांना एकाच जमिनीवर बसावे लागते.

कामाची सुरुवात हीरक महोत्सवापासूनच करता येईल. शाळेच्या साठ वर्षांचे साठ चौकोन. प्रत्येक चौकोन शिवून झाल्यावर नऊ इंचांचा असावा. त्यासाठी चारी बाजूंना अर्धा इंच दुमड सोडून दहा इंचांचा तुकडा कापावा. रुंदीला सहा आणि लांबीला दहा चौकोन जोडले की चोपन्न इंच बाय नव्वद इंच, म्हणजे आरंभी हिशेब केला त्याच मापाची गोधडी होते. एका वर्षाच्या विद्यार्थ्यांनी मिळून एक चौकोन द्यावा. कापड सुती असावे, घरात वापरलेले असावे आणि ते आधी धुऊन आटवलेले, रंग सोडून झालेले असावे. त्यावर साखळी टाक्याने देवनागरी अंकांत ते वर्ष लिहावे. पुणे, नागपूर, बेळगाव किंवा परदेशात असलेल्यांना चौकोन टपालाने पाठवता येईल. जोडणी सर्जापूर रोडवर, महिन्यातील एका रविवारी एकत्र बसून व्हावी. त्या बैठकीला मुलांनीही बसावे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या त्यांच्या कानांवर तेथे मराठी पडेल, शिक्षिकांची कन्नड पडेल, आणि अस्तर म्हणजे काय हे त्यांना कोशात पाहावे लागणार नाही.

थर बांधण्याचे, म्हणजे त्या चौदा हजार टाक्यांचे काम कौदी जाणणाऱ्या स्त्रियांच्या मार्गदर्शनाखाली व्हावे. त्यांच्या सुट्टीच्या दिवसाचा मोबदला आधी ठरवावा, तो कुशल कामगाराच्या मजुरीपेक्षा कमी नसावा आणि उषवदाताच्या लेखाप्रमाणे सर्वांसमक्ष नोंदला जावा. सभासदांनी स्वतःचे श्रम हवे तेवढे फुकट द्यावेत, तो त्यांचा अधिकार आहे. दुसऱ्याचे श्रम फुकट मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. तयार गोधडीच्या अस्तरावर ज्या वर्षांचे चौकोन आहेत त्यांच्याबरोबर ज्यांच्या हातांनी टाके घातले त्यांचीही नावे, त्यांच्या इच्छेने, असावीत. शाळेच्या सभागृहात ती टांगली जाईल तेव्हा देणगीदारांच्या फलकाशेजारी श्रमाचाही एक फलक असेल.

एका गोधडीने मंडळ थांबू नये. पुढचे काम दुपट्यांचे. तीन फूट बाय तीन फुटांचे चार थरांचे दुपटे म्हणजे छत्तीस चौरस फूट कापड. एका सहावारी सुती साडीचे क्षेत्रफळ सुमारे बहात्तर चौरस फूट भरते. कपाटात घडी घालून पडलेल्या आईच्या एका मऊ साडीतून दोन बालके उबेत झोपतील. ही दुपटी सभासदांनी शिवून द्यावीत. शिक्षिकांनी स्वतः शिवलेल्या कौद्या मात्र विकल्या जाव्यात. संकुलांतील वार्षिक उत्सवांत त्यांना जागा मिळावी, किमतीची चिठ्ठी शिवणारीने लावावी आणि पैसे तिच्याच हाती जावेत. बंगळुरू हे तयार कपड्यांच्या कारखान्यांचे शहर आहे. कापणीनंतर उरणाऱ्या सुती तुकड्यांची येथे वाण नाही. वाण आहे ती एकत्र बसण्याच्या वेळेची.

कोणी म्हणेल की यंत्रावर चार तासांत होणाऱ्या वस्तूसाठी एवढा खटाटोप कशाला. वस्तू हवी असेल तर हा आक्षेप बरोबर आहे. पण शाळांच्या तासपत्रकात शिवणाचा तास वस्तूसाठी कधीच नव्हता. शाळेच्या आरंभीच्याच काळात, १९६६ साली, कोठारी आयोगाने शिक्षणात कार्यानुभवाला स्थान द्यावे अशी शिफारस केली. त्याही आधी, १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला होता. हाताने काम करणाऱ्याला कमी लेखू नये, हे शिकवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ते काम स्वतःच्या हाताने करून पाहणे. बोटाला सुई टोचली, ओळ वाकडी गेली, उसवून पुन्हा घालावी लागली, की चौदा हजार टाक्यांची किंमत वेगळी समजावून द्यावी लागत नाही. कार्यानुभवाच्या तासाला जे अर्धवट राहिले असेल ते पूर्ण करण्याची ही संधी आहे.

शाळेने साठ वर्षांत वेगवेगळ्या घरांतील, जातींतील, वेगवेगळ्या ऐपतीची मुले एका बाकावर बसवली. त्या मुलांनी पुढे जी घरे बांधली त्यांची कुंपणे उंच झाली, हे काळानुसार झाले. त्या कुंपणाच्या आत आणि बाहेर राहणाऱ्या स्त्रिया महिन्यातून एकदा एका कापडाभोवती चारी बाजूंनी बसल्या आणि त्यांच्या टाक्यांच्या ओळी मध्यभागी मिळाल्या, तर शाळेने शिकवलेला पहिला धडा सर्जापूर रोडवर गिरवला गेला असे म्हणता येईल. साठ चौकोनांपैकी पहिला चौकोन पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा. त्यांतील जे आज येथे उपस्थित आहेत, त्यांनी घरी गेल्यावर कपाट उघडावे आणि सुती कापड शोधावे.